वाकसापासून विजेच्या करवतीपर्यंत

संपादक मंडळाने यंदाच्या स्मरणिकेसाठी समाजाच्या इतिहासावर काही लिहावे अशी सूचना केली, तेव्हा नेहमीचे विषय आमच्या डोळ्यांपुढून गेले. विश्वकर्म्याच्या कथा, वेरूळची शिल्पे, गावोगावच्या वाड्यांतील कोरीव खांब, या सर्वांवर याच पृष्ठांतून आमच्याहून अधिकारी व्यक्तींनी लिहिले आहे. त्यात भर घालण्याइतकी आमची विद्वत्ता नाही. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले आणि पुढे हयातभर प्राथमिक शाळेत खडू झिजविलेले शिक्षक आहोत. मात्र आमचा जन्म सुताराच्या घरातला. वसमतेस वडिलांच्या दुकानाच्या उंबऱ्यावर बसून आम्ही पाढे पाठ केले, आणि त्याच उंबऱ्यावरून एक मोठा पालट पाहिला. आपल्या समाजाच्या हातातील हत्यार बदलले. दोन पिढ्यांत हा पालट पुरा झाला. त्याचा वृत्तान्त कोणी लिहून ठेवलेला आमच्या पाहण्यात नाही. या पालटाची किंमत आपल्यातील कित्येक घरांनी शब्दशः बोटांनी मोजली आहे, यास्तव तो लिहिणे आम्हांस अवश्य वाटले.

आमच्या वडिलांच्या लहानपणी वसमत हा निजामाच्या राज्यातील परभणी जिल्ह्याचा तालुका होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानातील निजामी राजवट संपली, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि १ मे १९९९ पासून आपला तालुका नव्या हिंगोली जिल्ह्यात आला. राज्ये बदलली, जिल्हे बदलले, कचेरीची भाषा उर्दूची मराठी झाली. परंतु आम्ही शाळेत जाऊ लागलो तोपर्यंत सुताराच्या दुकानातील हत्यारांची यादी फारशी बदललेली नव्हती. वाकस, करवत, रंधा, पटाशी, किकरे, गिरमिट, दोरीने फिरवायचा सामता, गुण्या आणि हातोडी, एवढ्यावर तिफण, वखर, नांगर आणि बैलगाडीचे चाक अशी सारी कामे होत. मोबदला सुगीला धान्याच्या रूपाने, बलुते म्हणून मिळे. ते पुरेसे होते असे आम्ही म्हणणार नाही. ते पुरेसे नव्हते म्हणूनच आमच्या वडिलांनी आम्हांस शाळेत घातले.

त्या दुकानात शिकणारा पोऱ्या पहिले कित्येक महिने हत्याराला हात लावीत नसे. त्याने ढलप्या झाडाव्या, लाकडाचे दुसरे टोक धरावे, दगडावर पटाशी घासून धार लावावी. धार कशी असते हे बोटांस कळल्यावाचून हत्यार हाती मिळत नसे. आमचे आजोबा काही नियम सांगत, आणि ते नियम म्हणून न सांगता शकुन-अपशकुनाच्या भाषेत सांगत. हत्यार ओलांडू नये. धारेचे तोंड माणसाकडे करून हत्यार ठेवू नये. दिवे लागल्यावर वाकस उचलू नये. हत्यार दुसऱ्याच्या हाती देताना मुठीकडून द्यावे. लहानपणी आम्हांस या सर्व जुन्या समजुती वाटत, आणि शिक्षक झाल्यावर काही काळ आम्ही त्यांची थट्टाही केली. पुढे ध्यानात आले की यातील एकेका अपशकुनामागे कोणाचा तरी पाय किंवा हात होता. आजोबांच्या स्वतःच्या डाव्या पायाचे अंगठ्याजवळचे बोट अर्धे होते. वाकसाने तासताना लाकूड पायाने दाबून धरावे लागते, आणि तो घाव त्यांस तरुणपणी एका संध्याकाळी बसलेला होता. तेव्हा जुन्या काळी सर्व सुरक्षित होते, असे कोणी समजू नये. परंतु हाताच्या हत्याराला जोर हाताचाच असतो. घाव चुकला तर हात थांबतो आणि हाताबरोबर हत्यारही थांबते.

यंत्राचे तसे नसते. विजेची कळ मुंबई प्रांतात गिरण्यांनी फिरविली. टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत केंद्रातून १९१५ साली मुंबईच्या कापड गिरण्यांस वीज मिळू लागली. आपल्या भागात वीज पसरली ती महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाल्यानंतर. पूर्णा नदीवरील येलदरी धरणाच्या पायथ्याशी साडेबावीस मेगावॉटचे वीजगृह १९६८ साली सुरू झाले. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यांनी तालुक्यात पाणी आले, ऊस आला, पूर्णा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि विहिरीविहिरींवर मोटारी बसल्या. आमच्या आठवणीत विजेचा पहिला उपयोग दिव्याचा, दुसरा पिठाच्या गिरणीचा व तिसरा पाण्याच्या मोटारीचा. लाकूड कापण्याचे आरा मशीन त्यानंतर आले. ते आले तेव्हा दोन करवत्ये जे ओंडके उरस्फोड करून दिवसभर चिरीत, ते घटकाभरात चिरले जाऊ लागले. आजोबा एकदा ते पाहण्यास गेले, बराच वेळ उभे राहिले आणि घरी येऊन एवढेच म्हणाले, “लाकडाचं बरं झालं, माणसाचं काय होतंय बघू.”

हातात धरण्याची विजेची हत्यारे मात्र फार उशिरा आली. प्रथम ड्रिल मशीन, मग विजेचा रंधा, मग कटर, आणि अखेरीस लहान ग्राइंडर, जो आज आपल्यातील प्रत्येक तरुणाच्या पिशवीत आहे. आमच्या पुतण्याने पहिले ड्रिल मशीन विकत घेतले त्या दिवशी आम्ही त्याच्याबरोबर दुकानात होतो. दुकानदाराने खोका उघडला, वायर बोर्डात घातली, एकदा खटका दाबून घर्र आवाज ऐकविला आणि पैसे मोजून घेतले. खोक्यात इंग्रजी माहितीपुस्तक होते. ते पुतण्यास वाचता येत नव्हते, आणि आम्हांस थोडेफार येत असूनही आम्ही वाचले नाही. वाकस हाती मिळण्यास ज्या घरात महिनेच्या महिने लागत, त्या घरात त्याहून कितीतरी घातक हत्यार पाच मिनिटांत आले. आमच्या मते साऱ्या इतिहासाचे मर्म येथे आहे. हत्यार बाजारातून आले आणि शिस्त आजोबांकडे राहिली. यंत्राला स्वतःची शिस्त आहे, ती जगात इतरत्र पुष्कळ हानी सोसून तयार झाली आहे, हे आपल्यास कोणी सांगितले नाही.

ती कशी तयार झाली, हे थोडक्यात पाहणे मनोरंजक आहे. विजेवर चालणाऱ्या ड्रिलचे पहिले पेटंट १८८९ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी आर्थर अर्नॉट व विल्यम ब्रेन यांनी घेतले. ते यंत्र खडक व कोळसा भोकण्यासाठी होते आणि हातात मावणारे नव्हते. सहा वर्षांनी, १८९५ साली, जर्मनीतील स्टुटगार्ट येथील फाइन यांच्या कारखान्यात हातात धरता येईल असे ड्रिल तयार झाले. तेही चांगले साडेसात किलो वजनाचे. पुढे अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी ब्लॅक व डेकर या दोघा भागीदारांनी १९१७ साली पिस्तुलासारखी मूठ व बोटाने दाबायचा घोडा असलेल्या ड्रिलचे पेटंट मिळविले. कारागिरांस ती मूठ सोयीची म्हणून आवडली, परंतु तिच्यात सोयीहून मोठी गोष्ट होती. बोट ढिले पडले की यंत्र बंद होते. माणूस पडला, घाबरला, विजेचा झटका बसला, तरी बोट सुटताच वीज तुटते. आमच्या आजोबांच्या वाकसात हात थांबताच हत्यार थांबत असे. यंत्रात तो गुण या घोड्याने काही अंशी परत आणला.

हे ध्यानात ठेवून वाचकांनी आपल्या घरच्या ग्राइंडरचा खटका पाहावा. पुष्कळ स्वस्त ग्राइंडरांचा खटका पुढे सरकवून अडकवायचा असतो. हातातून सुटला तरी तो फिरतच राहतो, आणि जमिनीवर पडून नाचत नाचत पायाकडे येतो. १९५४ साली जर्मनीत फ्लेक्स नावाच्या कंपनीने जलद फिरणारा हा ग्राइंडर प्रथम काढला, तो लोखंड घासण्यासाठी. त्याला लाकूड कापण्याचे दातेरी पाते लावण्याची कल्पना आपल्याकडील घाईची आहे. चार इंची ग्राइंडर मिनिटास सुमारे ११,००० फेरे घेतो. आम्ही शाळेत परीघ काढावयास शिकवीत असू, त्याच रीतीने हिशेब केला तर पात्याच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरहून अधिक भरतो. गाडी त्या वेगाने जात असता खिडकीतून हात बाहेर काढण्यास आपण धजणार नाही. मग त्या कडेपासून दोन बोटांवर हात ठेवून, वरचे लोखंडी झाकण काढून टाकून, आपली मुले दिवसभर काम करतात! झाकण का काढले असे विचारले तर उत्तर ठरलेले असते की मोठे पाते बसत नाही, किंवा रेघ दिसत नाही. मोठे पाते बसत नाही याचा अर्थच असा की त्या यंत्राने ते पाते फिरवू नये.

गोल पात्याच्या हातकरवतीची कथा आपल्या तालुक्यास जवळची वाटेल. अमेरिकेच्या दक्षिणेकडील लुइझियाना राज्यात एडमंड मिशेल नावाच्या गृहस्थाने मजूर कोयत्याने ऊस तोडताना पाहिले, आणि कोयत्याचे काम विजेकडून करवून घ्यावे म्हणून मोटारीला पाते जोडण्याचा खटाटोप केला. त्यातून १९२४च्या सुमारास हातात धरून लाकूड कापण्याची गोल करवत बाजारात आली. ऊस अजूनही आपल्याकडे बहुतांशी कोयत्यानेच तोडला जातो, आणि उसासाठी निघालेले यंत्र सुताराच्या हाती आले, हा योगायोग आम्हांस मोठा विलक्षण वाटतो. आजच्या या करवतीला खालून स्प्रिंगचे झाकण असते. लाकूड पुढे आले की ते मागे सरते व लाकूड संपताच पाते झाकून टाकते. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी ते तारेने बांधून ठेवलेले दिसते.

या करवतींत एक मोठा धोका असा की लाकूड अर्धे चिरले गेले म्हणजे त्याच्या दोन्ही फाकी आत येऊन पात्यास चिमटा घेतात. मग बुजलेला बैल उधळावा तसे लाकूड किंवा करवत माणसाच्या अंगावर उसळते. हे टाळण्यासाठी बैठ्या करवतीच्या पात्यामागे पात्याच्याच वाकाची एक लोखंडी पट्टी बसवितात. ती चिरेत शिरून फाकी अलग ठेवते. विलायतेत १९२२ साली लाकूडकामाच्या यंत्रांसाठी खास नियम झाले, त्यांत अशा संरक्षणाची सक्ती होती. हे आम्ही प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून बसून राहिलो. कारण करवत्ये ओंडका चिरीत असता वरचा माणूस चिरेत लाकडाची पाचर ठोकीत असे, आणि चीर जसजशी पुढे जाई तसतशी पाचर पुढे सरकवीत असे, हे आम्ही लहानपणी डोळ्यांनी पाहिले होते. चिमटा बसू नये हेच तिचे प्रयोजन. म्हणजे विलायतेने कायद्याने जी गोष्ट लादली, ती आपल्या करवत्यांच्या हातात पूर्वीपासून होती. यंत्र आले तेव्हा करवत्ये घरी बसले, आणि त्यांच्याबरोबर पाचरही घरी बसली. पुढे आपल्यातील कित्येक दुकानांत स्थानिक लोहाराकडून लाकडी बाकास मोटार व पाते जोडून करवती बनविल्या गेल्या. त्यांपैकी ज्या आम्ही पाहिल्या, त्यांतील एकीलाही ही पट्टी नव्हती.

आता विजेविषयी. वीज किती लागली म्हणजे माणूस दगावतो, हे फार दिवस कोणास नेमके ठाऊक नव्हते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्राध्यापक चार्ल्स डालझील यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या १३४ पुरुषांवर व २८ स्त्रियांवर प्रयोग करून, हाताने धरलेली तार किती प्रवाहापर्यंत सोडता येते, हे मोजले. पुरुषांची सरासरी निघाली सुमारे १६ मिलिअँपिअर, स्त्रियांची त्याहून कमी, साडेदहाच्या आसपास. त्यापलीकडे स्नायू आवळतात आणि मूठ सुटत नाही. आपण म्हणतो “विजेने धरून ठेवले”, परंतु वीज धरीत नाही, आपलीच मूठ धरून राहते. हा आकडा किती लहान आहे पाहा. साठ वॅटच्या जुन्या दिव्यातून जेवढा प्रवाह वाहतो, त्याचा हा सोळावा हिस्सा. घरातील पाच अँपिअरचा फ्यूज वितळण्यास याच्या तीनशेपटीहून अधिक प्रवाह लागतो. फ्यूज आहे, मग भीती कशाची, असे म्हणणारे आम्ही पुष्कळ ऐकले आहेत, आणि एके काळी आम्हीही त्यांतलेच होतो. फ्यूज तारेस जळण्यापासून राखतो, माणसास राखीत नाही. माणसास राखण्यासाठी दोन गोष्टी आहेत. एक अर्थिंग. दुसरी, गेलेली वीज व परतलेली वीज यांत फरक पडताच निमिषात प्रवाह तोडणारी पेटी, जिला आज वायरमन आर.सी.सी.बी. म्हणतात. डालझील यांनी १९६१ साली असे उपकरण बनविले आणि ऑस्ट्रियात बिगेलमायर यांनीही त्याच सुमारास त्यावर काम केले. माणसांसाठी बसवावयाची पेटी ३० मिलिअँपिअरची असते. दुकानातून मागून घेताना हा आकडा पाहून घ्यावा.

येथे आम्हांस आमची स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगण्यास संकोच वाटतो, तथापि ती वगळून हा लेख लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. २००९च्या श्रावणात वसमतेस आमच्या घराच्या दरवाजांचे काम चालू होते आणि काम करीत होता तो हाच पुतण्या. पावसाची झड लागलेली, भिंती ओल्या, फरशी ओली. त्याच्या विजेच्या रंध्यास तीन पायांची पिन होती, आणि आमच्या त्या खोलीतील जुन्या बोर्डास दोनच भोके. तो म्हणाला, “काका, तीन पिनचा बोर्ड आणतो, तासाभराचं काम आहे.” दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पाहुणे यावयाचे होते. आम्ही म्हणालो, “एवढ्यासाठी काम कशाला थांबवतोस? तिसरा पाय काढून टाक.” पुतण्याने काकाचे, त्यातही गुरुजींचे, ऐकले. रंधा जुना, लोखंडी अंगाचा. घोडीवर उभा राहून दाराची वरची कड काढीत असता तो ओरडला आणि वरून खाली आला. मूठ सुटली ती पडण्यामुळेच, असे पुढे डॉक्टर म्हणाले. तो वाचला, परंतु उजवे मनगट दोन ठिकाणी मोडले. हाड जुळले, पण त्या हाताची पकड पूर्वीसारखी आली नाही. हाताचा रंधा तो आज धरीत नाही. त्याने आम्हांस कधी एका शब्दाने दोष दिलेला नाही, आणि दर दिवाळीस पाया पडतो. तो तिसरा पाय काय असतो? यंत्राच्या लोखंडी अंगास वीज लागली तर तिला माणसाच्या देहाखेरीज दुसरी वाट करून देणारा तो पाय. आम्ही मुलांस विज्ञान शिकविले, त्यात अर्थिंगची आकृती फळ्यावर कित्येकदा काढली होती.

तेव्हापासून आम्ही ज्या ज्या दुकानात जातो तेथे प्रथम पिन पाहतो. पिनच नसून वायरीची उघडी टोके भोकांत घालून आगकाडीने ठासलेली आम्ही आजही पाहतो. काही नव्या यंत्रांस दोनच पाय असतात. त्यांच्या पाटीवर एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण असली तर ती दुहेरी आवरणाची आहेत व त्यांस तिसरा पाय लागत नाही. खूण नसेल तर विचारावे. अर्थिंगचा खड्डा एकदा कोळसा व मीठ घालून पुरला की आपण तो विसरतो. आपल्या भागातील काळी जमीन चैत्र-वैशाखात वाळून हात हात रुंदीने भेगाळते, तेव्हा तो खड्डाही कोरडा पडतो आणि वीज वाहून नेण्याच्या कामाचा राहत नाही. उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी ओतावे, हे साधे काम घरातील कोणासही करता येईल.

कायद्याने काय केले, तेही पाहू. कारखाने अधिनियम १९४८ साली झाला. त्याच्या २१व्या कलमात फिरत्या यंत्रभागांस संरक्षक कुंपण घालण्याची सक्ती होती. परंतु वीज वापरणाऱ्या ठिकाणी निदान दहा कामगार असतील तरच तो लागू होई. बाप, दोन मुलगे आणि एक पोऱ्या अशी आपली दुकाने! ती कायद्याच्या जाळीतून गळून पडली. शेतीच्या मळणी यंत्रांत इतक्या लोकांचे हात गेले की सरकारला १९८३ साली धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा करावा लागला. सुताराच्या चार भिंतींकडे कोणाची दृष्टी गेली नाही. १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यास एक परिशिष्ट जोडलेले होते. ते आम्ही पुढे मुद्दाम मिळवून वाचले. त्यात कोणता अवयव गेला म्हणजे मिळकतीची शक्ती किती टक्के गेली, हे लिहिलेले होते. अंगठा गेला तर ३०, तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७, एका हाताची चारही बोटे गेली तर ५०. कायद्यास एखादा आकडा धरावाच लागतो, हे आम्ही समजतो. परंतु पटाशी धरणाऱ्या हाताच्या अंगठ्याची किंमत ३० टक्के आहे की शंभर, हे ज्याचा तो गेला आहे त्याच्या घरी जाऊन विचारावे. शिवाय आपल्यातील बहुतेक जण कोणाचे कामगारच नव्हते. स्वतःच मालक, स्वतःच मजूर. त्यांस तेवढेही मिळाले नाही.

जेथे पैसा व कायदा दोन्ही होते, तेथे शोध चालूच राहिला. अमेरिकेत स्टीव्ह गॅस नावाच्या गृहस्थाने १९९९ साली अशी करवत तयार केली की पात्यास ओलसर मांस लागताच विजेच्या खुणेने ते कळते व पाते क्षणार्धात जागीच अडते. प्रयोगासाठी त्याने मांसाचा तुकडा वापरला, आणि नंतर स्वतःचे बोट. ती करवत आपल्या गावात कधी येईल कोण जाणे, आणि आली तरी तिची किंमत आपल्यास झेपणारी नसेल. परंतु झाकण, पाचर, तीन पायांचा बोर्ड आणि ३० मिलिअँपिअरची पेटी या गोष्टी सर्वांच्या आवाक्यातील आहेत. त्यांच्याबरोबर काही फुकटच्याही आहेत. पाते बदलताना खटका बंद करून भागत नाही, पिन उपसून काढावी. लाकडाचा लहान तुकडा हाताने न रेटता काठीने रेटावा. हातातील कडे, गळ्यातील सैल माळ व लोंबती बाही कामापुरती दूर करावी. फिरत्या पात्याजवळ हातमोजे घालू नयेत. हे पुष्कळांस उलटे वाटते, परंतु मोज्याचा धागा पात्यात सापडला की तो बोटासह हातास ओढतो. भुशाचेही तसेच. १९९५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीची गणना कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत केली. नाकावर फडके बांधण्यास जे हसतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

घरातील स्त्रियांसाठी दोन शब्द लिहितो, कारण दुकान घरास लागून असते आणि अपघातसमयी प्रथम धावतात त्या. विजेने धरलेल्या माणसास हात लावू नये. आधी मुख्य खटका बंद करावा. तो जवळ नसेल तर कोरड्या लाकडाने तार दूर करावी, आणि कोरडे लाकूड सुताराच्या घरी नसेल तर कोठे असेल? माणूस बेशुद्ध असून श्वास नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही तळव्यांनी जोराने व भरभर दाबत राहावे आणि दुसऱ्या कोणास १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावयास सांगावे. बोट तुटले तर जखमेवर स्वच्छ फडके दाबून धरावे व हात उंच ठेवावा. तुटलेले बोट टाकून देऊ नये. ते स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बोटास बर्फ थेट लावू नये. १९६५ साली जपानमधील शल्यवैद्यांनी तुटलेला अंगठा सूक्ष्म शिरा जोडून परत बसविला, तेव्हापासून हे शक्य झाले आहे. मात्र वेळ हातची जाऊ देता कामा नये. हळद किंवा चहापत्ती जखमेत भरण्याची आपल्याकडील चाल अशा वेळी घातक ठरते. आमचा तालुका हळदीचा आहे, तरीही हे लिहितो.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने पारंपरिक कारागिरांसाठी विश्वकर्मा योजना सुरू केली. उत्तरेकडे त्या दिवशी विश्वकर्म्याची पूजा असते. आपल्याकडील जयंती माघ शुद्ध त्रयोदशीस येते, आणि मराठवाड्यास तर तो दिवस मुक्तिसंग्रामाचा म्हणून परिचयाचा आहे. असो. योजनेत सुतारांचा समावेश असून, पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, त्या काळात दिवसास ५०० रुपये विद्यावेतन, आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य अशी तरतूद तीत करण्यात आली. आपल्यातील कित्येकांचे सारे लक्ष पंधरा हजारांकडे असते आणि प्रशिक्षण ही उरकून टाकण्याची गोष्ट ठरते. जे बांधव अशा कोणत्याही वर्गास जातील, त्यांनी तेथील शिक्षकास झाकण, पाचर व अर्थिंग यांविषयी प्रश्न विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावे. शिक्षकास प्रश्नांचा राग येत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

आमच्या घरी खंडेनवमीस आजही हत्यारांची पूजा होते. आजोबांचा वाकस आम्ही जपून ठेवला आहे, तो पाटावर मध्यभागी असतो आणि भोवती पुतण्याची यंत्रे मांडलेली असतात. गेली काही वर्षे तो पूजेच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक यंत्राची वायर हातातून सोडून पाहतो, झाकणाचे स्क्रू आवळतो, झिजलेले पाते बाजूस काढतो, आणि शिकाऊ मुलांस शेजारी बसवून ते करावयास लावतो. सोललेली वायर किंवा मोडलेली पिन निघाली तर ते यंत्र त्या वर्षी पाटावर ठेवीत नाही. मुले यास काकांचा शकुन म्हणतात.

या लेखातील जुन्या हत्यारांची नावे व नियम आमच्या घरापुरते आहेत. औंढा, कळमनुरी, परभणी व नांदेडकडील घरांत ती वेगळी असतील. ज्या वृद्ध बांधवांस आपल्या दुकानातील नियम आठवत असतील, किंवा यंत्राने झालेल्या अपघाताची हकीकत नाव न देता सांगावयाची असेल, त्यांनी ती पोस्टकार्डावर का होईना, मंडळाच्या कार्यालयाकडे लिहून पाठवावी. संपादक मंडळाच्या अनुमतीने ती पुढील स्मरणिकेसाठी संकलित करण्याचा आमचा मानस आहे.